भत्ता म्हणजे पगार का? विमानातल्या क्रूचा दैनिक भत्ता आणि आयकर (इयत्ता ९वी, अर्थनियोजन)



इयत्ता नववीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यात आयकर येतो. मुलं तक्ता बघून कर काढायला पटकन शिकतात. पण 'करपात्र उत्पन्न' हा शब्द आला की बरीचशी मुलं पगाराचा आकडा जसाच्या तसा उचलतात. पगारात काय धरायचं आणि काय वगळायचं, हा खरा प्रश्न तिथेच राहून जातो. यावर्षी माझ्या वर्गात तो प्रश्न एका मुलीने समोर आणला. त्यावरून घेतलेला पाठ आज तुमच्यापुढे मांडते आहे. (घरगुती गोष्ट असल्यामुळे आकडे बदलले आहेत.)

वर्गात काय झालं?

आमची शाळा निगडीत. वर्गातल्या पालकांची कामं बघितली तर जवळजवळ सगळा औद्योगिक पट्टा समोर येतो. कोणाचे वडील ट्रान्सपोर्टनगरीतून ट्रक घेऊन बेंगळुरूला जातात, कोणाची आई चाकणच्या कंपनीत आहे, कोणाचे काका मशिन दुरुस्तीसाठी महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी असतात. देहूरोड कॅन्टोन्मेंट जवळ असल्याने लष्करातल्या कुटुंबांतली मुलंही आहेत.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी आत्या विमानात केबिन क्रू आहे. तिला आयकर खात्याकडून मेसेज आलाय. विवरणपत्रातली सूट पुन्हा तपासा म्हणून. घरी सगळ्यांना टेन्शन आलंय. पप्पा म्हणतात, भत्त्यावर टॅक्स नसतोच!"

चौकशी केल्यावर कळलं ते असं. आत्याला पगाराशिवाय दरमहा भत्ता मिळतो. मधल्या काळात तिने जवानांना लेहला नेणाऱ्या भाड्याच्या विमानांवर बरेच दिवस काम केलं होतं. लष्कर जवानांच्या ने-आणीसाठी कधी कधी नागरी विमानंही भाड्याने घेतं, त्यांपैकी ही उड्डाणं. ओळखीतल्या एकाने तिचं विवरणपत्र भरलं आणि "आर्मीचं काम आहे, सगळा भत्ता माफ" असं म्हणून वर्षभराचा भत्ता सूट म्हणून दाखवला.

लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, लोहगाव विमानतळच हवाई दलाचा आहे. मग तिथून उडणाऱ्या सगळ्यांनाच माफ?"

प्रश्न गमतीचा, पण अगदी मुद्द्याचा आहे. लोहगावची धावपट्टी खरोखरच हवाई दलाची आहे आणि प्रवासी विमानं तीच वापरतात. मग सूट नेमकी कोणाला? जागेला, प्रवाशाला, विमानाला, की काम करणाऱ्या माणसाला? हाच आपला आजचा पाठ.

आधी शब्द स्वच्छ करू

फळ्यावर मी चार शब्द लिहिले.

१) महागाई भत्ता : वाढत्या महागाईसाठी पगारासोबत मिळतो. पूर्ण करपात्र.

२) दैनिक भत्ता : नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर, दौऱ्यावर असताना जेवणखाण आणि किरकोळ रोजच्या खर्चासाठी मिळतो.

३) सूट : मिळालेल्या रकमेतला जो भाग उत्पन्नात धरायचाच नाही, तो.

४) वजावट : उत्पन्नात धरल्यानंतर कायद्याने जी रक्कम कमी करू देतात, ती.

पहिल्या दोघांनाही आपण बोलताना 'डीए'च म्हणतो! निम्मा घोळ इथेच होतो. "डीएवर टॅक्स नाही" हे वाक्य दैनिक भत्त्याबद्दल काही अटींवर खरं आहे, महागाई भत्त्याबद्दल साफ खोटं आहे. आपण शिक्षकसुद्धा प्रशिक्षणाला गेलो की 'टीए-डीए'चा फॉर्म भरतो. तो डीए दैनिक आहे, पगारपत्रकातला डीए महागाईचा. मुलांना हे उदाहरण लगेच पटतं.

दुसरी गोष्ट, पगारदार माणसाला "मी बाहेर जेवलो, त्याचा खर्च वजा करा" असं म्हणता येत नाही. नोकरीतल्या किरकोळ खर्चापोटी सगळ्यांना एकच प्रमाणित वजावट मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ती जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपये आणि नव्या प्रणालीत ७५,००० रुपये आहे. म्हणजे कंपनीने भत्ता दिला असेल तर सुटेचा प्रश्न येतो. भत्ताच नसेल तर खिशातून केलेल्या खर्चाला वेगळी वजावट नाही.

दोन दारं

आयकर कायदा, १९६१ चं कलम १०(१४) आणि आयकर नियमांतला नियम २बीबी. फिरतीच्या नोकरीतल्या भत्त्याला सुटेकडे नेणारी दोन दारं इथे आहेत.

*पहिलं दार : दैनिक भत्ता.* दौऱ्यावर असताना, नेहमीच्या कामाच्या ठिकाणी नसल्यामुळे होणारा रोजचा खर्च भागवण्यासाठी दिलेला भत्ता. यात जेवढा खरोखर खर्च झाला तेवढीच सूट. उरलेले पैसे करपात्र. वरच्या मर्यादेचा ठरावीक आकडा नाही. हे दार जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालीत उघडं आहे.

*दुसरं दार : वाहतूक व्यवस्थेतल्या कर्मचाऱ्याचा भत्ता.* वाहन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं हीच ज्याची ड्युटी, त्याला त्या काळातल्या वैयक्तिक खर्चासाठी दिलेला भत्ता. ट्रक, बस, रेल्वे, विमान, कोणतीही वाहतूक असो. यात भत्त्याच्या ७० टक्के किंवा दरमहा १०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी तेवढी सूट. इथे खर्चाचा हिशोब विचारत नाहीत. पण अट मोठी आहे : त्या कर्मचाऱ्याला दैनिक भत्ता मिळत नसला पाहिजे. शिवाय हे दार फक्त जुन्या करप्रणालीत उघडं आहे.

दोन दारांतून एकदम आत जाता येत नाही, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या. पगारपत्रकावर भत्त्याचं नाव काय छापलंय यावरून दार ठरत नाही. तो कशासाठी दिला आहे यावरून ठरतं. म्हणून नेमणूकपत्र आणि कंपनीचं भत्त्याचं धोरण वाचावं लागतं.

जवानाचा भत्ता आणि क्रूचा भत्ता

आता आत्याच्या ओळखीचे गृहस्थ कुठे चुकले? "आर्मीचं काम, सगळं माफ" हे त्यांनी बहुतेक अर्धवट ऐकलेलं होतं. त्याच नियमाच्या तक्त्यात सैन्यदलातल्या माणसांच्या काही भत्त्यांना खरंच सूट आहे. तीही ठरलेल्या रकमेपर्यंत आणि जुन्या प्रणालीत:

- प्रतिपूरक फील्ड एरिया भत्ता : दरमहा २,६०० रुपयांपर्यंत
- अतिसक्रिय फील्ड एरिया भत्ता : दरमहा ४,२०० रुपयांपर्यंत
- उंचावरील प्रदेशाचा भत्ता, ९,००० ते १५,००० फूट : दरमहा १,०६० रुपयांपर्यंत
- तोच भत्ता, १५,००० फुटांच्या वर : दरमहा १,६०० रुपयांपर्यंत

वर्गातल्या एका मुलाचे वडील लष्करात आहेत. तो म्हणाला, "फक्त १,०६०? मला वाटलं सगळंच माफ असतं." मोठ्यांनाही असंच वाटतं. गणवेशातल्या माणसालासुद्धा 'सगळं माफ' नाही, हे त्या दिवशी वर्गाला कळलं.

लेहचा विमानतळ दहा हजार फुटांहून उंच आहे. पण तिथे उतरलेल्या केबिन क्रूला वरच्या तक्त्यातली सूट लागू होत नाही, कारण ती सूट सैन्यदलातल्या माणसाला त्याच्या तिथल्या नेमणुकीसाठी मिळणाऱ्या भत्त्यावर आहे. क्रू विमान कंपनीच्या नोकरीत आहे. विमानात पर्यटक बसले काय, जवान बसले काय, तिचा मालक बदलत नाही आणि भत्त्याचं कारणही बदलत नाही.

म्हणून मागच्या बाकाला उत्तर : सूट जागेला नाही, प्रवाशाला नाही, विमानालाही नाही. माणूस कोणाच्या नोकरीत आहे आणि भत्ता कशासाठी मिळाला, यावर ती ठरते.

चला, गणित करू

उदाहरण १ : एका ट्रकचालकाला प्रवासातल्या वैयक्तिक खर्चासाठी दरमहा ९,००० रुपये भत्ता मिळतो. दैनिक भत्ता मिळत नाही. जुनी प्रणाली.
९,००० चे ७० टक्के = ६,३००. हे १०,००० पेक्षा कमी. म्हणून सूट ६,३००, करपात्र २,७००.

उदाहरण २ : भत्ता दरमहा २०,००० रुपये.
७० टक्के = १४,०००. पण मर्यादा १०,०००. म्हणून सूट १०,०००, करपात्र १०,०००.

इथे मुलं हमखास १०,००० चे ७० टक्के काढून ७,००० लिहितात. 'दोन्हींपैकी कमी' म्हणजे आधी दोन आकडे वेगवेगळे काढायचे आणि मग तुलना करायची. हुशार मुलांना विचारा, भत्ता किती झाला की मर्यादा लागू होते? १०,००० ÷ ०.७० = सुमारे १४,२८६ रुपये. त्याच्या पुढे भत्ता कितीही वाढला तरी सूट वाढत नाही.

उदाहरण ३ (माझं आवडतं) : एका क्रूला एप्रिलमध्ये ६,००० आणि मे महिन्यात २४,००० रुपये भत्ता मिळाला. दोन महिन्यांची मिळून सूट किती?
एका गटाने सरासरी काढली : महिन्याला १५,०००, म्हणून १०,००० + १०,००० = २०,००० रुपये.
दुसऱ्या गटाने महिनावार काढलं : एप्रिल ४,२०० + मे १०,००० = १४,२०० रुपये.
बरोबर कोण? दुसरा गट. मर्यादा 'दरमहा' आहे, म्हणून हिशोब महिन्याचा महिन्याला. सरासरीमुळे ५,८०० रुपयांची जास्तीची सूट दाखवली गेली असती. सरासरी कधी वापरायची नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

उदाहरण ४ : चाकणच्या एका कंपनीतला तंत्रज्ञ मशिन बसवण्यासाठी चार दिवस नागपूरला गेला. दैनिक भत्ता दिवसाला २,५०० रुपये. खरा खर्च ८,२०० रुपये.
मिळाले १०,०००, खर्च ८,२००. म्हणून सूट ८,२००, करपात्र १,८००. इथे ७० टक्क्यांचा संबंधच नाही, कारण दार पहिलं आहे.

सूट म्हणजे वाचलेला कर नव्हे

"मॅडम, १०,००० सूट म्हणजे १०,००० वाचले ना?" हा प्रश्न येतोच. नाही. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे १०,००० रुपयांवर २,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर ८० रुपये, असे २,०८० रुपये वाचतात. ५ टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ५२० रुपये.

आता पूर्ण हिशोब बघू. समजा क्रूचा वार्षिक पगार ९,००,००० आणि उड्डाणकाळातला भत्ता दरमहा १२,००० आहे. दैनिक भत्ता नाही. वर्ष २०२५-२६.

जुनी प्रणाली :
एकूण मिळकत ९,००,००० + १,४४,००० = १०,४४,०००
भत्त्यावरची सूट ८,४०० × १२ = १,००,८००
प्रमाणित वजावट ५०,०००
कलम ८०सी ची गुंतवणूक १,५०,०००
करपात्र उत्पन्न ७,४३,२००
कर : १२,५०० + २,४३,२०० चे २० टक्के (४८,६४०) = ६१,१४०
उपकरासह सुमारे ६३,५९० रुपये

नवी प्रणाली :
एकूण मिळकत १०,४४,०००, भत्त्याची सूट नाही
प्रमाणित वजावट ७५,०००
करपात्र उत्पन्न ९,६९,०००
१२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्यांना मिळणाऱ्या कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य!

वर्ग दोन मिनिटं शांत झाला. ज्या सुटेसाठी एवढी धडपड, ती न घेताच कर शून्य. अर्थात प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. उत्पन्न जास्त असेल, घरकर्जाचं व्याज किंवा घरभाडं मोठं असेल तर चित्र बदलू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंनी हिशोब करून मगच निवड करायची. (व्यवसाय कर इथे धरलेला नाही.)

आता याच उदाहरणात जुन्या प्रणालीत सगळा भत्ता सूट म्हणून दाखवला असता तर? १,४४,००० − १,००,८०० = ४३,२०० रुपये उत्पन्न लपलं असतं, आणि उपकरासह सुमारे ८,९८६ रुपये कर कमी भरला गेला असता. उत्पन्न कमी दाखवल्याचं सिद्ध झालं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि चुकीची माहिती देऊन दाखवलं असेल तर २०० टक्के दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. व्याज वेगळं. विवरणपत्र दुसऱ्याने भरलं तरी जबाबदारी ज्याचं नाव त्याचीच.

साता समुद्रापार हाच प्रश्न

अमेरिकेत नागरी विमान कंपन्या कराराने सैनिकांची वाहतूक करतात. तिथेही क्रूच्या रोजच्या भत्त्याबद्दल हाच वाद होतो आणि उत्तरही आपल्यासारखंच निघतं. विमानात सैनिक आहेत म्हणून काही माफ होत नाही. आपल्या तळापासून दूर रात्रीचा मुक्काम पडला का, आणि भत्ता सरकारने ठरवलेल्या दराच्या आत आहे का, हे बघतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलेल्या फेरीचा भत्ता पगारासारखाच करपात्र धरतात. पूर्वी तिथला क्रू भत्त्यापेक्षा जास्त झालेला खर्च काही अटींवर वजावट म्हणून दाखवू शकत असे. २०१८ पासून पगारदारांची ती वजावट केंद्रीय करातून बंद झाली. तिकडे नातेवाईक असतील तर मुलांना त्यांच्याशी यावर बोलायला सांगा.

वर्गात कसं घ्यावं?

माझ्या दोन तासिका लागल्या. पहिल्या तासिकेत शब्द आणि दोन दारं, दुसऱ्या तासिकेत उदाहरणं. मुलांना चिठ्ठ्या वाटल्या : ट्रकचालक, केबिन क्रू, दौऱ्यावरचा तंत्रज्ञ, जवान, कार्यालयातला कारकून. प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची.

१) भत्ता कशासाठी मिळाला?
२) कोणतं दार लागू? की कोणतंच नाही?
३) कोणती करप्रणाली निवडली?

तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत पेन उचलायचं नाही. गणित सगळ्यात शेवटी!

एक विनंती. मुलांना घरून खरं पगारपत्रक आणायला सांगू नका. कोणाच्या घरी किती येतं हे वर्गात उघड होऊ नये. काल्पनिक आकडेच वापरा.

पाठ्यपुस्तकातले करदर पुस्तक छापलं त्या वेळचे आहेत, हेही मुलांना सांगा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे, त्यामुळे त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक आणि मर्यादा नव्याने बघाव्या लागतील. वरचे सगळे हिशोब २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे आहेत. पद्धत मात्र तीच : आधी कारण, मग नियम, मग आकडेमोड.

सरावासाठी

१) बसचालकाला असा भत्ता दरमहा १४,००० रुपये, दैनिक भत्ता नाही, जुनी प्रणाली. सूट किती?
२) तोच चालक नव्या प्रणालीत गेला. सूट किती?
३) तीन दिवसांचा दौरा, दैनिक भत्ता दिवसाला १,८००, खर्च ४,९००, नवी प्रणाली. करपात्र किती?
४) क्रूला महागाई भत्ता ७,००० रुपये. सूट किती?

उत्तरं : १) ९,८०० रुपये २) शून्य ३) ५०० रुपये ४) शून्य

आत्याचं पुढे काय झालं?

दोन आठवड्यांनी ती मुलगी सांगत आली. आत्याने कंपनीकडून भत्त्याचं धोरण मागवलं, एका जाणकार करसल्लागाराला दाखवलं आणि मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र भरलं. राहिलेला कर आणि व्याज भरावं लागलं, पण प्रकरण तिथेच मिटलं. "मॅडम, उदाहरण तीनसारखं महिनावार मीच काढून दिलं तिला," हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तिचे पप्पा पालकसभेत भेटले तेव्हा हसून म्हणाले, "आता घरात 'भत्त्यावर टॅक्स नसतो' असं बोलायची सोय राहिली नाही."

पालकहो, घरी एकदा मुलांना विचारा, "माझ्या पगारातला कोणता भत्ता कशासाठी आहे, सांग बरं?" उत्तर चुकलं तरी चालेल. त्या निमित्ताने तुम्हीही पगारपत्रक नीट वाचाल.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा.